स्वसंरक्षणाची विद्या : पौर्वात्य कोणती, पाश्चात्य कोणती?

गोव्यातील इतर महालांप्रमाणे आमच्या डिचोली महालातही अलीकडे मुलामुलींस कराटे शिकविण्याची हौस वाढली आहे आणि तिच्याबरोबर एक वादही वाढला आहे. काही वडीलधारी मंडळी म्हणतात की, आपल्या मुलांनी जपानी आकडे मोजीत हातपाय झाडावे हे आपल्या परंपरेस शोभत नाही; लाठी, दांडपट्टा आणि कुस्ती या आपल्या विद्या काय कमी होत्या? दुसऱ्या पक्षाचे तरुण हसून उत्तर देतात की, पूर्वेकडच्या साऱ्याच विद्या म्हणजे नुसते हावभाव आहेत. चोर समोर उभा राहिला म्हणजे कामास येते ती पाश्चात्यांची मुष्टियुद्धाची ठोस विद्याच. तिसरा पक्ष थोडा तत्त्वज्ञ असतो. त्याच्या मते पूर्वेची विद्या आत्मसंयमाची आणि पश्चिमेची हिंसेची. सबब तुलनेचा प्रश्नच उद्भवत नाही.

तिन्ही पक्षांनी प्रश्नाची मांडणी चुकविली आहे असे आम्हांस वाटते. परंतु म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. आपण आपल्या मुलांच्या हातांत काही तरी देत आहोत आणि ते काय आहे हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

प्रथम घरचे पाहू. शिगम्याच्या दिवसांत डिचोली, पेडणे आणि सत्तरी या भागांत घोडेमोडणी निघते. कमरेस लाकडी घोड्याचा सांगाडा बांधलेले, पायांत घुंगूर आणि डोक्यास फेटा असलेले वीर एका हाताने लगाम आणि दुसऱ्या हाताने तलवार धरून ढोलताशांच्या गजरात पुढे झेपावतात, मागे येतात, पुन्हा झेपावतात. पोर्तुगीजांवर मिळविलेल्या जयाची ही आठवण आहे असे परंपरा सांगते. हा सोहळा पाहताना ऊर भरून न येणारा मनुष्य आमच्या महालात विरळाच. तथापि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. त्या तलवारीसमोर दुसरी तलवार नसते. ती कोणाच्या वारास अडवीत नाही आणि तिचा वार कोणी चुकवीत नाही. घोडेमोडणी ही देवाच्या मांडावरची पवित्र स्मृती आहे, युद्धाचे शिक्षण नव्हे. आणि स्मृतीकडून शिक्षणाची अपेक्षा करणे हा स्मृतीवरच अन्याय होय. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंडांच्या हाती गोंडे लावलेला वेत असतो. तो वेत कोणास मारण्यासाठी आहे असे कोणी म्हणेल काय?

कोल्हापूरच्या मर्दानी खेळांचीही थोडीबहुत हीच अवस्था आहे. दांडपट्टा फिरविणारा कसलेला खेळाडू पाहिला म्हणजे डोळ्यांचे पारणे फिटते. परंतु ज्या रणांगणासाठी ती विद्या जन्मास आली ते रणांगण उरले नाही. १८५७ नंतर इंग्रजी मुलुखात प्रजेची शस्त्रे काढून घेण्यात आली आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने त्यावर मोहोर उठविली. ज्या विद्येस प्रतिस्पर्धी उरत नाही ती हळूहळू प्रदर्शन होऊन बसते. हा पूर्वेचा दोष नव्हे, परिस्थितीचा आहे. युरोपातही तलवारीचे तेच झाले. द्वंद्वाची चाल मोडली आणि तलवार क्रीडागृहात गेली.

आपल्याकडे एक विद्या मात्र या गतीतून वाचली, ती कुस्ती. कारण उघड आहे. कुस्तीत समोरचा गडी खरोखर आपल्यास पाडू पाहत असतो. हौदाच्या लाल मातीत रोज संध्याकाळी जो झुंजतो त्यास आपल्या बळाचा आणि अज्ञानाचा हिशेब रोज मिळतो. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडलेले मल्ल. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेथे मातीऐवजी गादी होती आणि नियमही निराळे होते. त्यांचा क्रमांक सहावा लागला. १९५२ साली हेलसिंकीस ते पुन्हा गेले. या वेळी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून त्यांच्या प्रवासास हातभार लावला होता. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारतास कोणत्याही वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय.

ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तिची दुसरी बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाही. त्याच वजनगटात सुवर्णपदक मिळविणारा शोहाची इशी हा जपानी मल्ल मूळचा जूडोचा विद्यार्थी होता. दुसऱ्या महायुद्धात जपानचा पाडाव झाल्यावर दोस्तांच्या अंमलात तेथील युद्धविद्यांवर निर्बंध आले, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. म्हणजे पाहा : गादी पाश्चात्य, नियम पाश्चात्य, आणि तिच्यावर पहिला आलेला गडी जूडोतून आलेला, तिसरा कोल्हापूरच्या मातीतून आलेला. त्या दिवशी पूर्व जिंकली की पश्चिम, याचा निकाल कोणत्या न्यायाधीशाने द्यावा?

खोलात गेले की ही सरमिसळ वाढतच जाते. ज्या जूडोस आपण प्राचीन पौर्वात्य विद्या समजतो ती जिगोरो कानो या टोकियो विद्यापीठात शिकलेल्या शिक्षकाने १८८२ साली स्थापिली. जुन्या जुजुत्सूतील जीवघेणे प्रहार त्याने मोकळ्या सरावातून वगळले. का? तर उरलेले डाव मुलांस पूर्ण बळानिशी, खऱ्या प्रतिकारासमोर, रोजच्या रोज करता यावे म्हणून. मुलांच्या कमरेस बांधलेले ज्या रंगीत पट्ट्यांचे आईबापांस एवढे कौतुक, ते नाना रंग तर युरोपातील जूडोच्या वर्गांतून रूढ झाले! उलट दिशेने पाहावे तर जपानात नोकरी करून परतलेल्या बार्टन-राइट नामक इंग्रज अभियंत्याने १८९९ च्या सुमारास लंडनमध्ये जुजुत्सू, इंग्रजी मुष्टियुद्ध, फ्रेंच लत्ताप्रहार आणि काठी यांची खिचडी करून तिला स्वतःच्या नावावरून ‘बार्टित्सू’ असे नाव दिले. शेरलॉक होम्सचे वाचक ती थोड्या अपभ्रष्ट रूपात ओळखतील; त्या विद्येच्याच बळावर तो कड्यावरून वाचला असे त्याच्या कर्त्याने लिहिले आहे. आणि १९१३ च्या आसपास मताधिकार मागणाऱ्या इंग्रज स्त्रियांच्या रक्षक-पथकास एडिथ गॅरड या इंग्रज बाईने जपानी जुजुत्सू शिकविले ते लंडनच्या पोलिसांपासून बचाव व्हावा म्हणून. आपल्या मुलींच्या वर्गास नाक मुरडणाऱ्यांनी या बाईंचे स्मरण ठेवावे.

गोव्याच्या वाचकांस आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पोर्तुगालच्या उत्तर भागात, मिन्यो आणि आसपासच्या प्रांतांत, शेतकऱ्यांची लाठी खेळण्याची जुनी विद्या आहे. तिला तेथे नावच मुळी ‘काठीचा खेळ’ या अर्थाचे आहे. पुरुषभर उंचीची ती काठी घेऊन तेथील लोक बाजारास आणि संतांच्या जत्रांस जात, आणि गावागावांतील हाडवैरे त्या जत्रांतच काठीने फेडली जात. आमच्या पूर्वजांनी पाश्चात्य पाहिला तो तोफा आणि तलवारी घेऊन आलेला राज्यकर्ता. अठराव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल त्याच्या हाती गेले आणि १९६१ च्या डिसेंबरापर्यंत राहिले. जत्रेत काठी घेऊन फिरणारा त्याच्याच देशाचा शेतकरी आमच्या दृष्टीस पडला असता तर त्यास आम्ही परका म्हणून ओळखलेही नसते.

राहिला तत्त्वज्ञ पक्ष. पूर्वेस संयम आणि पश्चिमेस हिंसा ही वाटणी टिकते काय? महाभारतातील गदायुद्धाचा नियम आपण लहानपणी कीर्तनात ऐकला आहे : नाभीच्या खाली प्रहार करू नये. भीमाने तो मोडला आणि दुर्योधनाची मांडी फोडली, तेव्हा बलराम नांगर उगारून धावला. श्रीकृष्णाने समजूत घातली तरी त्याचे समाधान झाले नाही आणि तो रागारागाने द्वारकेस निघून गेला. आता १७४३ साली लंडनमध्ये जॅक ब्राउटन या मुष्टियोद्ध्याने घातलेले नियम पाहा : पडलेल्यास मारू नये आणि कमरेखाली धरू नये. बलरामास तेथे पंच म्हणून बसविले असते तर त्यास नवे असे फार थोडे शिकावे लागले असते. संयम कोणा एका दिशेची मिरास नाही. तसेच क्रौर्यही. वज्रमुष्टी ही आपल्याच देशातील विद्या; बोटांवर अणकुचीदार शस्त्र चढवून मल्ल एकमेकांस रक्तबंबाळ करीत, आणि ते राजेलोकांसमोर उत्सव म्हणून होई.

मग विद्यांत भेद नाहीच काय? आहे, परंतु तो पूर्व-पश्चिमेचा नाही. तो पकड आणि प्रहार यांतला आहे. कुस्ती, जूडो, जुजुत्सू, युरोपातील कुस्तीचे प्रकार ही पकडीची विद्या. मुष्टियुद्ध, कराटे, लाठी ही प्रहाराची. दोन्ही गोलार्धांत दोन्ही आहेत. पकडीचा गुण असा की ती वाटेत थांबविता येते. हात पिरगळला, समोरचा कळवळला, सोडून दिला. किती जोर लावावयाचा ते क्षणाक्षणास ठरविता येते. प्रहाराचे तसे नाही. मूठ सुटली ती सुटली. ती गालास लागते की कानशिलास, मनुष्य पायरीवर आपटतो की मातीत, हे मारणाऱ्याच्या हाती उरत नाही.

सौप्तिक पर्वाच्या शेवटी हाच भेद व्यासांनी अस्त्रांच्या भाषेत दाखविला आहे असे आम्ही मानतो. अश्वत्थाम्याने ब्रह्मशिर अस्त्र सोडले, अर्जुनाने त्याच्या निवारणार्थ तेच सोडले. नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले आणि दोघांसही अस्त्रे आवरण्यास सांगितले. अर्जुनाने आवरले. अश्वत्थाम्यास आवरता येईना. तो द्रोणाचाच पुत्र होता, अस्त्र त्यासही बापाकडूनच मिळाले होते. परंतु ते परत घेण्यास जे व्रतस्थ मन लागते ते त्याच्यापाशी नव्हते. शेवटी ते अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांवर गेले. सोडण्याची कला दोघांस सारखीच अवगत होती हे ध्यानात घेतले पाहिजे.

येथे तरुण पक्ष आम्हांस अडवील. तो म्हणेल, दोघे अंगावर आले, एकाच्या हाती कोयता असला, तर पकड काय कामाची? आक्षेप खरा आहे. एकास धरून ठेवलेला मनुष्य दुसऱ्यास उघडा पडतो, आणि शस्त्रासमोर रिकाम्या हाताची कोणतीही विद्या, मग ती ओकिनावाची असो की लंडनची, दुबळीच. अशा वेळी पहिला उपाय पळणे, दुसरा ओरडणे आणि मग जे जमेल ते. आम्ही पकड श्रेष्ठ म्हणतो ती सर्व प्रसंगी नव्हे; बहुतेक प्रसंगी. आणि बहुतेक प्रसंग कसे असतात हे वकिलास सामान्य मनुष्याहून थोडे अधिक ठाऊक असते.

स्वसंरक्षणाची जाहिरात करणारा नेहमी एक अनोळखी दांडगा कल्पितो : अंधारी वाट, अपरिचित चेहरा. आमच्या महालांतील मारामाऱ्यांची कागदपत्रे उघडली तर तो क्वचित भेटतो. भेटतो तो शेजारी. कुंपणाचा दगड वीतभर सरकला, पाटाचे पाणी अडविले, वाटेवरच्या माडाचे नारळ कोणी पाडले, आणि सांगावयास संकोच वाटतो परंतु सांगितलेच पाहिजे, पालखीचा मान कोणाचा यावरून महाजनांतच हातघाई झाली. स्त्रियांच्या बाबतीत तर हात उगारणारा पुष्कळदा त्याच छपराखाली राहत असतो. ज्याच्याशी आपण झुंजतो तो उद्या त्याच देवळात, त्याच आरतीस, आपल्या शेजारी उभा राहणार आहे. त्याचा जबडा फोडण्याची विद्या आपल्यास येत असेल. परंतु त्या विद्येची किंमत दोन घरे पुढची वीस वर्षे न्यायालयात भरीत राहतात. जेथे जिवावर किंवा अब्रूवर बेतले आहे तेथे हा विचार बाजूस ठेवावा. बाकी ठिकाणी मात्र ज्या विद्येत हात आखडता घेण्याची सोय आहे तीच गावात राहणाऱ्यास अधिक उपयोगाची.

कायद्याचे म्हणणेही याहून फार निराळे नाही, आणि त्याचा इतिहास मौजेचा आहे. भारतीय दंडविधानाचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली केला. या देशातील लोक दरोडेखोरांचा जुलूम मुकाट्याने सोसतात, अशा लोकांस आत्मरक्षणाचा अधिकार आखूडपणे देण्यापेक्षा त्यांच्यात मर्दानी वृत्ती जागवावी, असे त्याने स्पष्ट लिहून ठेविले. एका पाश्चात्याने आपल्यास प्रतिकाराचा विस्तृत अधिकार दिला आणि त्याच्याच वारसांनी पुढे चाळीस वर्षांनी शस्त्रे काढून घेतली! तो अधिकार आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, आम्लहल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत तो जातो. २०१० साली दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संकटात सापडलेल्या मनुष्याने आपला प्रतिकार सोन्याच्या तराजूत तोलून, पायरीपायरीने वाढवावा अशी अपेक्षा अवास्तव आहे, आणि कायदा कोणास भित्रेपणा शिकवीत नाही.

परंतु त्याच अधिकारास ३७ व्या कलमाची वेस आहे. रक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा अधिकार कोणत्याही प्रसंगी नाही, आणि सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास अवसर असेल तर हा अधिकारच उत्पन्न होत नाही. शिवाय भीती संपली की अधिकार संपला. न्यायालयात साक्षीदारास विचारला जाणारा निर्णायक प्रश्न पहिल्या फटक्याविषयी सहसा नसतो. तो असतो : तो खाली पडल्यावर काय झाले? पडलेल्या मनुष्यावरचा दुसरा फटका बचावाचा बळकट दावा पाहता पाहता गुन्ह्यात बदलतो. मनुस्मृतीने आततायी चालून आला तर तो गुरू असो, वृद्ध असो वा विद्वान ब्राह्मण असो, त्यास मारण्यात दोष नाही असे म्हटले. पण त्या वचनाचा अर्थ लावताना मिताक्षराकार विज्ञानेश्वरासही थांबावे लागले. निवारण करीत असता आततायी मेला, आणि मारावे म्हणून मारला, या दोहोंत त्याने अंतर केले. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यातील हा पंडित आणि आजचे न्यायालय एकाच जागी येऊन अडखळतात हे आम्हांस वारंवार जाणवले आहे.

म्हणून सभागृहात वर्ग भरविण्याची परवानगी मागण्यास कोणी आला तर महाजनांनी त्याची विद्या कोणत्या देशातली आहे हे विचारण्यात वेळ दवडू नये. दोन गोष्टी विचाराव्या. पहिली : मुले खऱ्या प्रतिकारासमोर सराव करतात की नुसते हवेत हात मारतात? हवेत मारणाऱ्यास आपल्यास येते असा भ्रम होतो, आणि तो भ्रम एखाद्या मुलीस नको त्या वाटेवर नेऊन सोडील. दुसरी : हार मानल्याची खूण येथे पाळतात की नाही? जूडोत पकडीत सापडलेला गडी गादीवर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर दोनदा थाप मारतो आणि पकड तत्क्षणी सुटते. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. वरचा गडी उठतो आणि खालच्यास हात देतो. जेथे शिक्षक ही थाप ऐकून न ऐकल्यासारखे करतो तेथे मुले पाठवू नयेत, मग भिंतीवर मारुतीची तसबीर लावलेली असो की कानोची.

आणि शेवटच्या दिवशी त्या मुलांस एखाद्या वकिलाकडून तासभर शिकवावे. आपला बचाव करून घरी आलेल्याने दार लावून बसू नये, त्याच रात्री पोलीस ठाण्यात जाऊन घडले ते जसेच्या तसे सांगावे, अंगावरची जखम डॉक्टरास दाखवून कागद घ्यावा. मार खाऊन उठलेला हल्लेखोर पुष्कळदा आधी तेथे पोहोचलेला असतो, आणि पहिली फिर्याद त्याचीच नोंदलेली आढळते.